पॅकेजमधलं ताट

या सहलीत कुणाला काय मिळणार होतं, ते आधी सांगते.

माझा धाकटा दीर सुदर्शन चिंचवडला राहतो. त्याला निम्म्या भाड्यात दोन खोल्यांचं कॉटेज मिळणार होतं. कारण पितृपंधरवडा चालू होता आणि त्या दिवसांत फिरायला कुणी बाहेर पडत नाही.

कॉटेजचा मालक दादाभाऊ. त्याला रिकाम्या दिवसांत एक गिऱ्हाईक मिळणार होतं.

माझी जाऊ स्नेहल. तिला धरणाच्या पाण्यापुढं फोटो.

आणि मला दोन जेवणं, एक नाष्टा. दुसऱ्याच्या हातचा. बाळंतपण सोडलं तर माझ्यापुढं आयतं ताट कधी आलेलं नाही. तेव्हासुद्धा आईच्या घरी आलं होतं, सासरी नाही.

आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, काय मिळणार हे कुणी विचारलं नाही.

सहल त्यांच्यासाठीच होती.

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेत नाही. ज्याला पटत नसेल त्याने राजुरीला आमच्या घरी दुपारी जेवायच्या वेळेला यावं. वाढेन. एक ताट जास्त झालं म्हणून मला आता काही फरक पडत नाही.

आणि या पेजवर सगळ्यांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. माझी रात्रीची नाही.

जे झालं ते भर दुपारी झालं. लख्ख उन्हात. सगळे जागे असताना.

गेल्या वर्षीचा पितृपंधरवडा, शनिवार. डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या काठी एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, त्या लोकांचा धंदा चालू आहे.

त्याआधीच्या माघात माझ्या सासूबाई, ठमाबाई, गेल्या. आबांचं नाव सावळाराम. दोघांचा संसार पन्नास वर्षांच्या पुढचा. भांडणाचा होता, पण होता.

सासूबाई गेल्या आणि आबांचं जेवण गेलं.

ताट वाढलं की ते पाटावर बसायचे. हात धुवायचे. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडं न बघता, हळू आवाजात विचारायचे...

"ठमे, तू जेवलीस का?"

थोडं थांबायचे. उत्तर यायचं नाही. मग दोन बोटांनी ताट वीतभर पुढं सरकवायचे आणि उठायचे.

रोज. दोन्ही वेळा.

कपभर दूध आणि वर माझी बोलणी, यावर माणूस किती दिवस काढणार? पावसाळा संपेपर्यंत बंडीतून बरगड्या मोजता यायला लागल्या. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही.

"घरातून बाहेर काढा त्यांना," डॉक्टर म्हणाले. "जागा बदलली की भूक लागते. नाहीतर दिवाळी बघणार नाहीत, स्पष्ट सांगतो."

सासूबाईंचं वर्ष झालं नव्हतं, म्हणून आमच्या घरी त्या वर्षी पित्रं घालायची नव्हती. सुदर्शनला ही मोकळी जागा दिसली. त्याने फोनवर घासाघीस करून कॉटेज ठरवलं आणि विमान घेतल्यासारखा आवाज काढून मला सांगितलं,

"वहिनी, चहा, नाष्टा, जेवण, सगळं पॅकेजमध्ये. तुम्ही नुसतं बसायचं."

मी नुसतं बसणार होते. एवढ्यावरच मी हो म्हटलं.

हे, म्हणजे माझे मिस्टर, गाईंच्या धारांसाठी मागं राहिले. आम्ही दोघी जावा, पोरं, सुदर्शन आणि आबा असे गाडीने निघालो. आपलं शेत सोडून पैसे देऊन दुसऱ्याच्या शेतात झोपायला. मंचर, घोडेगाव, डिंभे. आबा पुढच्या सीटवर डोळे मिटून, खोकत. त्यांना जुना खोकला होता. दोन बारके, एक मोठा. आमच्या घरात कुणी घड्याळ बघत नव्हतं, आबांचा खोकला ऐकून उठत होतं.

जागा चांगली होती. दादाभाऊचं जुनं घर, त्याला लागून दोन खोल्या, निळा रंग, बांबूचं रेलिंग. अंगणात बैल नसलेली बैलगाडी, फोटोपुरती. खाली भातखाचरं आणि त्याखाली पाणी.

"ही एक नंबरची रूम म्हाताऱ्या बाबांना द्या," दादाभाऊ म्हणाला. "आमच्या वडलांची व्हती. गार असती."

जागेला एक खोड होती. अंगणाच्या लोखंडी फाटकाची कडी लागत नसे. दादाभाऊने येतानाच सांगितलं, "फाटकाला हात नका लावू, मी बघतो. त्याची एक खुबी हाय." सुदर्शनने दोनदा लावून बघितली आणि बोट चेमटून घेतलं.

बाराच्या सुमाराला स्नेहल पोरांना घेऊन पाण्याकडं गेली. मी दुसऱ्या खोलीत कॉटवर पडले. दिवसाउजेडी, पाय पसरून.

बाहेर दादाभाऊची आई, बयाबाई, कावळ्यांना बोलवत होती.

"काव... काव... काव..."

मला कळलं, यांच्या घरी आज कुणाचं तरी पितर आहे. पडल्या पडल्या ऐकत राहिले. बाई लई वेळ बोलवत होती.

एकही कावळा आला नाही.

पाण्याकाठची जागा, झाडं एवढी, आणि एकसुद्धा नाही...

मग बोलवणं थांबलं. जुन्या घरातून पाट सरकल्याचा आवाज आला. तांब्या खाली ठेवल्याचा. हात धुतल्याचा.

हे आवाज मला पाठ होते. आबा जेवायला बसले होते.

आता पुढचं वाक्य येणार, म्हणून मी डोळे मिटून थांबले.

ते आलं नाही.

त्याऐवजी... वडा कुरकुरीत चावल्याचा आवाज आला.

मी उठून धावले.

माजघरात आबा पाटावर बसले होते आणि जेवत होते. पुढं केळीचं पान नव्हे, मोठं पितळी ताट. उडदाचे वडे, खीर, कढी, गवार, भोपळा, कारलं. ताटाच्या कडेला उदबत्ती. समोर भिंतीला टेकवून ठेवलेला एका म्हाताऱ्याचा फोटो, हार घातलेला.

ताट एकच होतं.

सुदर्शन दारात उभा राहून हसत होता. "बघितलं का वहिनी? ताट वाढून ठेवलेलं, आणि आबा बाहेर ताटकळत. म्हटलं, बसा आबा, पॅकेजमध्येच आहे."

"अरे, तो फोटो दिसला नाही का तुला?"

"मला वाटलं पारंपरिक जेवण आहे. डेकोरेशन असतं आता सगळीकडं."

तेवढ्यात दादाभाऊ मागच्या दाराने आला आणि तिथंच थबकला. आईकडं बघून म्हणाला, "आई, तू बशिवलं यांना?"

चुलीपुढून बयाबाई म्हणाली, "म्या कशाला? मला वाटलं तूच बशिवलं. पितर म्हणून."



त्या वाडीत अशी रीत आहे. ज्याचं पितर घालायचं, त्याच्या वयाचा एखादा म्हातारा गावातून बोलवायचा. त्याला मेलेल्या माणसाच्या जागी बसवून पोटभर जेवू घालायचं. त्या दिवशी बोलावलेला म्हातारा तापाने पडला होता. ताट वाढलेलं, माणूस नाही, कावळा नाही. आणि आमचे आबा येऊन बसले.

बयाबाईने एकदा त्यांच्याकडं बघितलं. भरल्या ताटावरून माणसाला उठवत नाहीत. तिने उठवलं नाही.

तेवढ्यात पत्र्यावर धप्प आवाज झाला. मग आणखी एक. मग इतके की मोजता येईनात...

कावळे. अंगणातलं पान एका दमात साफ झालं.

बयाबाईने फोटोला हात जोडले. "शिवला बाबा," म्हणाली.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. खरं सांगते, मला काही भ्यायचं सुचलं नाही. सात महिने ज्या माणसाच्या मागं वाटी घेऊन फिरले, तो माणूस कारलं दुसऱ्यांदा मागून घेत होता.

आबांना कारलं आवडत नाही.

मग त्यांनी न बघता डावा हात मागं नेला. दाराच्या आड, कोनाड्याखाली, पाण्याचा माठ होता. मला तो उभ्याने दिसत नव्हता. त्यांनी बसल्या जागी त्यावरचा पेला उचलला.

पाणी पिऊन म्हणाले, "बये, खीर पातळ केलीस गं."

बयाबाईचा हात पातेल्यातच राहिला.

सुदर्शन मला हळूच म्हणाला, "बघा, नावसुद्धा लक्षात राहिलं त्यांच्या. डोकं चालायला लागलं."

मलाही तेच पटवून घ्यायचं होतं.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी बयाबाई आमच्या खोलीपुढं आली. पदराला हात पुसत होती, पण हात कोरडे होते.

"पावणं," सुदर्शनला म्हणाली, "तुमी आता निघा."

"म्हणजे?"

"पितर जेवला की त्येला दिवा लागायच्या आत वाटंला लावायचा असतो. गावातला म्हातारा जेवून आपल्या घरला जातो. मग आमचं माणूसबी आपल्या वाटंनं जातं. ह्ये बाबा हितंच झोपले, तर आमच्या माणसानं जायाचं कसं?"

"आजी, आमचं चेकआउट उद्या अकराला आहे."

"पैसं माघारी देती मी. सगळं देती."

इथं सुदर्शनचे डोळे बारीक झाले. जो माणूस न मागता पैसे परत देतो, त्याला दुसरीकडून जास्त मिळतंय, असा त्याचा कायम हिशेब असतो.

"दुसरं गिऱ्हाईक आलं काय जास्त भाड्याचं?" तो म्हणाला. "आम्ही पण इकडचेच आहोत आजी. आम्हाला नका शिकवू."

बाई त्याच्याशी पुढं बोललीच नाही. माझ्याकडं वळली.

"पोरी, आमच्या मालकाच्या घशाला रोग व्हता. शेवटचं दोन महिने पाण्याबिगर काय उतरलं न्हाई. चुलीवर भाकर टाकली की वासानं डोळं भरायचं त्येचं. जीव जेवणात ऱ्हायलाय. ऐक माझं."

मी आबांकडं बघितलं. ते अंगणात, बैलगाडीच्या दांडीवर, पोट सुटल्यासारखे ऐसपैस बसले होते. चेहऱ्यावर रंग होता.

आणि घरी गेलं असतं, तर रात्रीच्या भाकऱ्या मलाच थापायच्या होत्या.

मी म्हटलं, "आजी, आज झोपू दे त्यांना. फार दिवसांनी जेवलेत."

बाई गेली.

रात्री काही झालं नाही. खरंच काही नाही.

इतकं काही नाही, की मला झोप लागली नाही...

पहाटे कळलं, काय नव्हतं ते. खोकला नव्हता. एक नंबरच्या खोलीतून रात्रभर एकदाही खोकला आला नव्हता. मी धसकून जाऊन बघितलं. आबा उताणे झोपले होते, तोंड उघडं, घोरत. जन्मभर ते कुशीवर झोपले.

सकाळी त्यांनी नाष्ट्याला पोहे परत पाठवले आणि नाचणीची भाकरी मागितली. आमच्याकडं बाजरी. नाचणीची भाकरी म्हणजे आबांना आजाऱ्याचं जेवण. दोन खाल्ल्या.

निघताना सगळे गाडीत बसले. आबा मागून आले. फाटकाजवळ थांबले. पायाने फाटक थोडं उचललं, गुडघ्याने आत दाबलं, आणि कडी घातली.

एका झटक्यात. न बघता.

दादाभाऊने आम्हाला टाटा करायला हात वर केला होता. तो तसाच राहिला.

आबा पुढच्या सीटवर येऊन बसले. सुदर्शनने गाडी चालू केली. आणि एक नंबरच्या बंद खोलीतून...

दोन बारके. एक मोठा.

स्नेहल म्हणाली, "कुणी राहिलं का आत?"

सुदर्शनने मागं वळून माणसं बघितली. पोरं होती, आम्ही दोघी होतो, आबा त्याच्या शेजारी होते.

"सगळे आहेत," तो म्हणाला.

घरी आलो. पहिल्याच संध्याकाळी आबा सासूबाईंच्या फोटोपुढं उभे राहिले. बराच वेळ बघून मला म्हणाले,

"ह्या बाई कोण?"

डॉक्टर म्हणाले, या वयात व्हायचंच. वजन बघा, किती सुधारलंय.

वजन सुधारलं होतं. दिवाळीपर्यंत बंडी घट्ट झाली. नाचणी मी ओतूरच्या बाजारातून आणायला लागले. येणारा-जाणारा सुदर्शनचं कौतुक करत होता, लेक असावा तर असा. सुदर्शननेही कॉटेजला मोबाईलवरून पाचपैकी पाच चांदण्या दिल्या. ह्यांना मी एकदा म्हटलं, "आबा आता कधीच सासूबाईंचं नाव काढत नाहीत."

हे म्हणाले, "मग बरंच की. किती दिवस रडायचं?"

खोकला कायमचा गेला होता. सकाळी उठायला मी मोबाईलवर गजर लावते.

दिवाळी झाल्यावर एके दिवशी अकराच्या पुढं दारात बयाबाई उभी. एकटी. हातात पिशवी. मंचरवरून एसटी बदलत, विचारत विचारत आली होती.

मी पाणी दिलं. तिने तांब्या घेतला नाही.

"तुमच्यात ठमी कोण?" तिने विचारलं.



"माझ्या सासूबाई. का?"

"त्या खोलीत दादाभाऊ गिऱ्हाईक ठेवीना आता. लोक पळून जात्यात. रात्री खोकला येतो म्हनत्यात. म्या खोकल्याला भ्येत न्हाई. पर रोज दुपारी..." तिने पिशवी खाली ठेवली. "रोज दुपारी आतून कुणीतरी इचारतं, ठमे, तू जेवलीस का. आमच्या सात पिढ्यांत ठमी न्हाई. मग म्या ताट ठिवाया लागले. परवाबी ठिवलं, कालबी ठिवलं."

"आणि?"

"खात न्हाई. ताट पुढं सरकिवल्यालं असतं. एवढं." तिने वीत करून दाखवली.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

"म्हनून घिऊन आले," बयाबाई म्हणाली. "दोन तिकिटं काढली. कंडक्टर म्हनला, आजी, दुसरं कुणाचं? म्या म्हनलं, हाये एक माणूस. म्हाताऱ्या माणसाला उभ्यानं कसं आणायचं."

ती आत आली. सासूबाईंच्या फोटोखाली पाट मांडायला लावला. रिकाम्या पाटाकडं बघून, पाहुण्याला सांगावं तसं म्हणाली, "बसा बाबा. पोचलं तुमचं घर."

मग ती आबांकडं वळली. ते ओसरीवर सुपारी कातरत होते. सुपारीचं व्यसन आबांना नव्हतं.

तिने डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"चला आता," हळू म्हणाली. "लई दिस झालं. पाव्हण्याच्या घरी किती ऱ्हायाचं?"

आबांनी वर बघितलं. तिला ओळखलं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, त्या माणसाने तिला ओळखलं, जसं आम्हाला कुणाला दोन महिन्यांत ओळखलं नव्हतं.

आणि मान खाली घालून पुन्हा सुपारी कातरायला लागले.

बयाबाईने पिशवी उचलली.

"न्हाई यायचा ह्यो," मला म्हणाली. रडली नाही. थकल्यासारखी बोलली, जशी मी बोलते. "हितं रोज गरम मिळतंय."

जेवून जा म्हटलं तर थांबली नाही.

त्या दुपारी मी ताट वाढलं. आबा बसले, हात धुतले आणि लगेच घास घेतला. मी भाकरी आणायला वळले.

मागून, फोटोखालून, अगदी हळू...

"ठमे, तू जेवलीस का?"

पुढ्यात बसलेल्या माणसाने मान वर केली नाही. चावत चावत म्हणाला, "बये, भाकर आण."

माझं नाव आरती आहे.

हे कुणाला सांगायचं? ह्यांना वडील धडधाकट दिसतात. डॉक्टरांना वजन दिसतं. सुदर्शन पुढच्या सहलीचं बोलतोय. आता सासूबाईंचं वर्ष झालंय आणि येत्या पितृपंधरवड्यात आमच्या घरी पितर घालायचंय. कोण कुणाच्या नावाने पाटावर बसणार, हा विचार आला की मी भांडी घासायला घेते.

एकदा भरणा कुणी केला, तेही सांगून टाकते.

सुदर्शनने निम्मं भाडं भरलं. त्याचा व्यवहार तिथंच संपला.

दादाभाऊची एक खोली गेली.

बयाबाईने येताना दोन तिकिटं काढली, जाताना एक.

मी दोन जेवणं आणि एक नाष्टा वाचवायला गेले होते. आता रोज दोन्ही वेळा दोन ताटं वाढते. एकाला नाचणी, एकाला बाजरी. नाचणीचं ताट पुसून लख्ख होतं.

दुसरं मी सगळ्यात शेवटी उचलते. गार झालेलं असतं. पाटापासून वीतभर पुढं सरकलेलं.

आबा अजून जेवत नाहीत.